तेरा नंबरच्या सुया आणि यॉर्कशरचा किनारा

शनिवार: लीड्स ते हॉज

कार्लाइलकडे जाणारी गाडी सेटल सोडते आणि चढणीला लागते. रिबलहेडचा 24 कमानींचा पूल ओलांडला, ब्लिया मूरचा बोगदा संपला, की खाली डेंटचं खोरं दिसतं. दगडी कुंपणांचे चौकोन, मेंढ्या, तुरळक घरं. इथलं डेंट स्टेशन समुद्रसपाटीपासून 350 मीटरवर, इंग्लंडातल्या मुख्य लोहमार्गांवर सगळ्यांत उंच. गाव मात्र स्टेशनपासून चांगलं सहा-सात किलोमीटर खाली. "मग स्टेशनला नाव तरी का दिलं?" आईंनी विचारलं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर मालवणचं, संसार पुण्यात. मालवणच्या उकाड्यात लोकर कोण हातात घेणार! विणायला त्या पुण्यात शिकल्या, शेजारच्या काकूंकडून, आणि त्यानंतर घरातलं एकही बाळ त्यांच्या हातच्या टोपऱ्या-मोज्यांतून सुटलं नाही. यंदा लीड्सला आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी आधीच बजावलं होतं, "किल्लेबिल्ले नकोत गं. काहीतरी कामाचं दाखव." म्हणून हा बेत. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार घालत ते निळे, अंगाला घट्ट बसणारे स्वेटर पाहायचे. गॅन्सी म्हणतात त्यांना. ते कशाने आणि कसे विणत, तेही बघायचं.

मग समुद्र सोडून डोंगरात का? कारण त्यामागचं हत्यार इथे आहे. गार्सडेलला उतरून छोट्या बसने हॉजला आलो. हे गाव चीजसाठी प्रसिद्ध, ते चाखून झालं, ठीक होतं. जुन्या रेल्वे स्टेशनात डेल्स कंट्रीसाइड म्यूझियम आहे, फलाटाला इंजीन अजून उभं. मारी हार्टली आणि जोन इंगल्बी या दोघींनी या खोऱ्यांतून फिरून शेतकऱ्यांच्या घरातल्या वस्तू जमवल्या, त्यावर हे संग्रहालय उभं राहिलं. दोघींनी विणणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी वेळेत लिहून ठेवल्या. थोडा उशीर झाला असता तर विचारायला कुणी उरलं नसतं.

काचेमागे लाकडाच्या वीतभर दांड्या मांडलेल्या. काही सरळ, काही हंसाच्या पंखासारख्या वळलेल्या. प्रत्येकीच्या एका टोकाला सुईचं टोक जाईल एवढं भोक. ही निटिंग शीथ. कमरेच्या पट्ट्यात उजवीकडे खोचायची आणि उजव्या सुईचं मागचं टोक त्या भोकात बसवायचं. सुईचा आणि खाली लोंबणाऱ्या विणीचा भार पट्ट्यावर जातो, उजवा हात मोकळा. बऱ्याच शीथांवर कोरीवकाम होतं: बदाम, नावाची आद्याक्षरं, सालं. एकीत तर अखंड लाकडातच पिंजरा कोरून आत सुटा गोळा ठेवलेला. तरुण मुलं आपल्या मनातल्या मुलीसाठी अशा शीथ कोरून देत. आई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "प्रेमाने दिलं, पण दिलं काय? तर कामाचं अवजार."

त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. अठराव्या शतकात या खोऱ्यांत पायमोजे विणणं हा पोटापाण्याचा धंदा होता. व्यापारी लोकर देऊन जात, विणलेला माल घेऊन जात. बाया विणत, पुरुष विणत, पोरंही विणत. गुरं हाकताना, बाजाराला चालत जाताना हात चालूच. डेंटला जन्मलेले भूगर्भशास्त्रज्ञ अ‍ॅडम सेजविक यांनी म्हातारपणी आपल्या गावाच्या आठवणी लिहिल्या, त्यात या विणकामाचं वर्णन आहे. संध्याकाळी शेजारपाजारचे सगळे एकाच घरी जमत, एका विस्तवावर आणि एका दिव्यावर सगळ्यांचं काम भागे. ओळी मोजायलाही गाणी होती.

त्या दिवशी एक बाई शीथ वापरून दाखवत होत्या. माझी नजर त्यांच्या हातावर ठरेना. एरवी आपण विणताना दोन्ही सुया हलवतो. इथे उजवी सुई जवळपास जागची हलत नाही. डावा हात टाका पुढे सरकवतो, उजव्या हाताची बोटं सुईच्या टोकाशीच असतात आणि तर्जनी नुसती पुढेमागे होते. प्रत्येक टाक्याला धागा टाकायला हात उचलावा लागत नाही. त्यांचं अंगही किंचित झुलत होतं. त्यांनी आईंना पट्टा बांधून दिला, शीथ खोचली, सुई बसवली. दोन-चार टाके अडखळले आणि मग आई सुटल्याच.

"अगं, हे काखेतलंच आहे," त्या म्हणाल्या. आपल्याकडच्या कितीतरी बायका लांब सुई उजव्या काखेत दाबून विणतात. आईही तशाच विणतात. तत्त्व एकच, सुईचं मागचं टोक कुठेतरी पक्कं करायचं. "फक्त काख आखडते, आणि चालताना जमत नाही. यांनी ते काम कमरेला दिलं." शेटलंड बेटांवरच्या बायका चामड्याचा पट्टा वापरत, त्याला घोड्याचे केस भरलेली भोकाभोकांची उशी. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पिसांची जुडीही चाले. हत्यार प्रत्येक गावचं वेगळं, पण हात मोकळा करायची निकड सगळीकडे तीच.

रविवार: व्हिटबी

लीड्सहून व्हिटबीची बस यॉर्क, मॉल्टन, पिकरिंग करत माळरानावर येते. हेदरच्या झुडपांचा जांभळा रंग उतरणीला लागला होता, तरी बघण्यासारखा होता. आईंनी वाटेत झोप काढली.

व्हिटबी म्हणजे नदीच्या मुखाशी दोन बाजूंना चढत गेलेलं गाव, मध्ये फिरता पूल, वर मठाचे भग्नावशेष. 199 पायऱ्या चढणं आईंच्या गुडघ्यांना परवडणारं नव्हतं, ते आम्ही सरळ रद्द केलं. पॅनेट पार्कातलं संग्रहालय गाठलं. इथे फ्रँक मेडो सटक्लिफची छायाचित्रं. हा छायाचित्रकार (1853–1941) व्हिटबीत स्टुडिओ चालवायचा, पोटासाठी पर्यटकांचे फोटो काढायचा आणि बाकी वेळ बंदरातल्या माणसांचे. गॅन्सी कशी अंगावर बसायची ते त्याच्या काचपट्ट्यांमुळेच आज कळतं. धक्क्याला टेकलेले दाढीवाले म्हातारे, अंगात ती निळी (फोटोत काळी) घट्ट वीण. छातीवरचे गोफ मोजता येतील इतकी स्पष्ट.

त्यातला हेन्री फ्रीमन लगेच ओळखू येतो, अंगावर बुचाचं जीवरक्षक जाकीट. 9 फेब्रुवारी 1861 च्या वादळात व्हिटबीची जीवरक्षक नाव पुन्हा पुन्हा बाहेर पडून बुडत्या जहाजांवरची माणसं आणत होती. शेवटच्या खेपेला ती उलटली आणि 13 पैकी 12 जण बुडाले. वाचला तो एकटा फ्रीमन. नवीन पद्धतीचं ते जाकीट त्याच्याच अंगावर होतं.

बुडण्याचा विषय निघाला की इथे हटकून एक गोष्ट ऐकायला मिळते. आम्हाला ती बसमधल्या शेजारणीने सांगितली होती, दुपारी दुकानात पुन्हा ऐकली: प्रत्येक गावाची वीण वेगळी, कारण समुद्रात बुडालेल्याचं प्रेत कुठेही लागलं तरी स्वेटरवरून गाव ओळखता यावं. ऐकायला काळीज हलतं, पण मला पटत नाही. या समजुतीला खतपाणी घातलं ते आयरिश नाटककार जॉन सिंगच्या 1904 च्या एकांकिकेने, असं बरेच अभ्यासक मानतात. तिच्यात बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते, पण ती मोज्यावरून. मोजा तिने स्वतः विणलेला, 60 टाके घातलेले, चार सोडलेले, ते ती मोजून बघते. म्हणजे खूण गावाची नव्हे, तिच्या स्वतःच्या हाताची. शिवाय गोष्ट आयर्लंडमधली. आणि ज्या किनाऱ्यावर मुली लग्न होऊन दुसऱ्या गावात जात, दुसरीची वीण आवडली की उचलत, तिथे वीण एका गावात कोंडून राहील कशी?

हां, कमरेच्या वरच्या साध्या भागात उलट टाक्यांनी विणलेली आद्याक्षरं बऱ्याच गॅन्सींवर दिसतात. ओळख पटवायला ती पुरेत. "एका घरात चार भाऊ, चौघांचे स्वेटर निळे," आई म्हणाल्या, "नाव नको घालायला?"

संध्याकाळी लोकरीचं दुकान. गॅन्सीला लागते ती पाच पदरी, घट्ट पिळाची वर्स्टेड लोकर, 500 ग्रॅमच्या शंकूवर गुंडाळलेली. हाताला मऊ नाहीच, सुतळीच्या जवळची. आईंनी काउंटरवरच्या मुलीला 13 नंबरच्या सुया मागितल्या. मुलगी गोंधळली. तिच्याकडे सगळं मिलिमीटरमध्ये. मागे रांगेत उभ्या एक आजी होत्या, त्या पटकन म्हणाल्या, "टू पॉइंट टू फाइव्ह, डिअर." इथे हे नंबर कधीच मोडीत निघाले. तुळशीबागेत मात्र सुया अजून ब्रिटिश नंबरांवरच विकल्या जातात. मग त्या दोघी बारा नंबर, तेरा नंबर करत बराच वेळ बोलत राहिल्या, एकीचं मालवणी वळणाचं इंग्रजी आणि दुसरीचं यॉर्कशरी. मी मध्ये दुभाषी म्हणून उभी होते, माझी गरज काही पडली नाही.

दोन्हीकडे टोक असलेल्या 40 सेंटिमीटर लांब पोलादी सुया मिळाल्या. पाचाचा संच. जुनी माणसं त्यांना वायर म्हणत.

जेवायला हेन्रिएटा स्ट्रीटवर 1872 पासून चाललेल्या धुरीघरातले किपर आणले. हेरिंग मासा चिरून, खारवून, धुरावर धरलेला. आईंनी वास घेतला, काटे काढले, खाल्ला. "बांगड्याची चव नाही, पण भाताबरोबर जाईल."

सोमवार: रॉबिन हुड्स बे

बसने अर्ध्या तासाच्या आत. गाव कड्याच्या घळीत उतरलेलं, पण आम्हाला जायचं होतं वरच्या अंगाला, जुन्या सेंट स्टीफन्स चर्चमध्ये. 1822 चं हे चर्च, आत दारं असलेली लाकडी बाकं. अविवाहित मेलेल्या मुलींच्या नावाने वाहिलेले कागदी फुलांचे जुने हारही इथे जपलेत. सप्टेंबरात या बाकांवर गॅन्सी मांडतात. प्रदर्शनाचं नाव प्रोपागॅन्सी. वेगवेगळ्या बंदरांचे, नवे-जुने, पोरांच्या मापाचे, भल्या थोरल्या पुरुषाचे.

इथल्या कार्यकर्त्या बाईंनी एक वापरलेला स्वेटर उलटसुलट करून दाखवला. आईंचा चष्मा त्यावर जवळजवळ टेकला होता.

सुरुवात कमरेपासून, पाच सुयांवर, गोल. चार सुयांवर टाके, पाचवीने विणायचं. गोल म्हणजे बाजूला शिवण नाही, शिवणच नाही तर ती उसवणार कुठून? शिवाय समोर कायम सुलट बाजू, त्यामुळे खालचा सगळा साधा भाग नुसत्या सुलट टाक्यांनी भराभर पुढे जातो. इंचाला आठ-नऊ टाके. आईंनी टेप लावला, मोजलं, पुन्हा मोजलं. "एवढं बारीक मी बाळाच्या टोपड्याला विणते. हे बाप्याच्या स्वेटरला!" बारीक आणि घट्ट वीण वाऱ्याला अडवते, पाण्याचे शिंतोडे वरच्यावर निथळतात.

नक्षी छातीपासून वर. गोफ म्हणजे दोर, आडव्या पायऱ्यांची शिडी, हेरिंगचा काटा, जाळ्याचे चौकट. पण ती नुसती शोभेला नाही. उलट-सुलट टाक्यांच्या उंचसखल विणीत हवा अडकते, आणि दोन टाक्यांवरून दोन ओलांडून केलेला गोफ म्हणजे तिथे विणीचा दुहेरी थर. ऊब हवी ती छातीलाच. पोटाकडचा भाग साधा, कारण तो कामाच्या वेळी तसाही एप्रनखाली झाकलेला. तिथे नक्षी कोण बघतो?

बगलेत चौकोनी कळी. बगलेच्या जरा खाली दोन्ही अंगांना एकेक टाका वाढवत त्रिकोण करायचा, ते टाके दोऱ्यावर ओवून ठेवायचे, पुढे बाही विणताना ते उचलून तसेच कमी करत यायचं. अंगात शंकरपाळ्याएवढी नव्हे, तळहाताएवढी कळी बसते आणि वल्ही मारताना, दोर ओढताना हात वर गेला तरी स्वेटर कमरेतून वर उचलला जात नाही. आईंनी माझ्या हातात ती कळी दोन बोटांनी ताणून दिली. "बंडीला असते तीच. पण बंडीला वेगळी शिवून लावतात, इथे विणता विणताच आली."

बाही खांद्यापासून मनगटाकडे विणलेली. आपण स्वेटर वेगवेगळ्या तुकड्यांत विणतो, बाही मनगटापासून वर नेतो, शेवटी शिवतो. इथे उलट, कारण आधी झिजतं ते मनगट. ते झिजलं की तिथून उसवायचं, टाके उचलायचे, नवं मनगट विणायचं. या स्वेटरच्या डाव्या बाहीला कोपराखाली निळ्याची छटा बदललेली स्पष्ट दिसत होती. दुरुस्ती करताना लोकर दुसऱ्या घाण्यातली मिळाली असणार. बाही मुद्दाम आखूडही, ओलं मनगट खाऱ्या पाण्यात सोलून निघू नये म्हणून. गळा पुढे-मागे सारखाच, म्हणजे आज पुढे असलेला भाग उद्या मागे. कोपरं एकाच जागी झिजत नाहीत.

नमुना कुठेही लिहिलेला नाही. सगळं डोक्यात.

आणि हे करायचं कधी? इथल्या बायकांच्या दिवसाचं वेळापत्रक त्याच कार्यकर्त्या बाईंनी सांगितलं आणि चर्चमध्ये उभ्या उभ्या मला दमायला झालं. पहाटे खडकांवर आमिषासाठी शिंपले-कालवं गोळा करायची. मग लांब दोरांवरच्या शेकडो गळांना ती एकेक करून लावायची, दोर गुंता न होता टोपलीत मांडायचे. घर, पोरं, स्वयंपाक वेगळे. स्कॉटलंडहून हेरिंग मुली यायच्या त्यांची तऱ्हा आणखी. हेरिंगच्या थव्यामागोमाग उन्हाळ्यापासून शरदापर्यंत शेटलंडपासून ग्रेट यारमथपर्यंत किनारा उतरत येत. दोघी मासे चिरणाऱ्या, एक पिंपात रचणारी, अशी तिघींची टोळी. सुरीपासून आणि मिठापासून बोटं वाचावीत म्हणून त्यांना चिंध्या गुंडाळलेल्या. काम थांबलं की त्या धक्क्यावर रमतगमत चालत, आणि चालता चालता विणत. म्हणून शीथ, म्हणून कमरेचा पट्टा. बुडालेल्या नवऱ्याच्या गोष्टीपेक्षा या बायकांच्या मोकळ्या केलेल्या उजव्या हाताची गोष्ट मला अधिक खरी वाटते. पण ती कुणी पर्यटकांना सांगत नाही.

"रापणीचं जाळं ओढून झालं की आमच्याकडे पुरुष वाळूत बसून जाळं सांधत," आई परतताना म्हणाल्या. "दिसायला वाटायचं आराम चाललाय." मग पुढे काही बोलल्या नाहीत, मुक्कामाला स्कारबरोला पोचेपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या.

मंगळवार: फायली आणि ब्रिडलिंग्टन

स्कारबरोहून फायली आगगाडीने जवळ. ओहोटी होती, फायली ब्रिगचा खडकाळ सुळका दूरवर आत गेलेला. कोबल लँडिंगवर एक-दोन कोबल चढवून ठेवलेल्या: पुढून खोल, मागून सपाट, एकावर एक फळी चढवून बांधलेली नाव. बंदर नसलेल्या वाळूवरून थेट समुद्रात ढकलता यावी म्हणून तिचा तळ असा. आई तिच्या फळ्या ठोकून बघत होत्या, मालकाने काही हरकत घेतली नाही.

क्वीन स्ट्रीटवरच्या 1696 सालच्या दोन जोडघरांत फायलीचं छोटं संग्रहालय. इथल्या गॅन्सीवर काट्याची वीण आणि गोफ. फ्लॅम्बरोच्या गॅन्सीत गोफाच्या मध्ये जाळ्याचे चौकट आणि दाणेदार वीण, ती मला जास्त आवडली. आईंना नाही: "फार गर्दी झालीये."

दुपारी ब्रिडलिंग्टनच्या उत्तर धक्क्यावर. तिथे गॅन्सी गर्लचा पुतळा आहे, स्टीव्ह कार्व्हिल या शिल्पकाराचा. मुलगी बसून विणतेय. किनाऱ्यावर बुडालेल्या मच्छिमारांची स्मारकं जागोजागी, विणणारीचा पुतळा विरळा. पण एक खटकलं. "सुया अशा हातात धरून बसली आहे, शीथ कुठाय?" आईंनी तिच्या कमरेभोवती चक्कर मारून पाहिलं. मी म्हटलं, सगळंच कसं दाखवणार. त्यांना ते मान्य नव्हतं.

परतीची गाडी हलमार्गे लीड्सला. आईंनी पिशवीतून शंकू काढला, लांब सुया काढल्या, समोरच्या माणसाने पाय आखडून घेतले.

"त्याची छाती किती?"

"चाळीस."

"चाळीस आठे तीनशे वीस. चार सुयांवर ऐंशी-ऐंशी. बरोबर बसतंय." टाके घालायला सुरुवात. शीथ नव्हती, तेव्हा लांब सुई गेली उजव्या काखेत.

"पण आई, पुण्याला जाईपर्यंत होईल का? आणि तो घालेल का असला?"

"न घालायला काय झालं. पुढचं-मागचं सारखंच आहे. तुझा नवरा आयुष्यात पहिल्यांदा स्वेटर उलटा घालणार नाही."